हौसाच्या नावची पट्टी

"कानांत बोटं का घातलीत, बुवा?"

डोळे घट्ट मिटून, दोन्ही कानांत बोटं खुपसून केसोबुवा तसेच बसून राहिले. मांडीवरची फाटकी घोंगडी घसरून खाली गेली, तरी बोटं निघाली नाहीत.

चिंतोपंत वाचता वाचता थांबले. त्यांच्या हातात शिसवी लाकडाचा एक गोल दांडा होता आणि त्यावर सुती कापडाची लांबलचक पट्टी वेटोळे घेत गुंडाळली होती. पट्टीवर मोडी अक्षरं होती. अठरा कोस घोडा दामटून ते हे वाचून दाखवायला आले होते. बुवा पाठ थोपटतील, अशी त्यांची खात्री होती.

"बुवा... खरी गंमत तर पुढेच आहे."

बुवांनी एक डोळा उघडला. चिंतोपंतांचे ओठ मिटलेले पाहून हळूच बोटं काढली.

"पत्र कुणाच्या नावचं आहे?"

"लिंबाजी सुताराच्या बायकोच्या. हौसा नाव तिचं."

"मी हौसा आहे का?"

चिंतोपंत हसले. बुवा हसले नाहीत.

हे केसोबुवा पूर्वी केसो भिकाजी होते. सुभेदारांच्या गुप्त पत्रांच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. अंकपल्लवीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या लिपीत अक्षराच्या जागी दोन आकडे लिहायचे, एक वर्गाचा आणि एक त्या वर्गातल्या जागेचा; बघणाऱ्याला वाटावं, कुणी पोरानं पाढे गिरवलेत. कांद्याच्या रसानं लिहिलेला कोरा कागद निखाऱ्यावर धरून ते अक्षरं उमटवायचे. एका फिरंग्याकडून मिळालेल्या, एकात एक फिरणाऱ्या दोन पितळी चकत्यांवर त्यांनी मोडीची अक्षरं कोरून घेतली होती. आतली चकती चार घरं सरकवली की अख्खं पत्र वेगळं दिसू लागे. चिंतोपंत वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आले आणि हे सगळं शिकले.

मग एके दिवशी केसो भिकाजी कामावरून उठले. त्या चकत्या चिंतोपंतांच्या बैठकीवर ठेवल्या आणि चालू लागले. कारण कुणाला सांगितलं नाही. सीना नदी ओलांडायच्या उतारापाशी, नावाड्यांच्या वस्तीशेजारी झोपडी बांधून राहिले. लोकांच्या घोंगड्यांना ठिगळं लावून देत. लोकच त्यांना बुवा म्हणू लागले.

"आता सगळं सांग," बुवांनी घोंगडी पुन्हा मांडीवर ओढली. "पत्रातलं तेवढं सोडून."

चिंतोपंत थोडे हिरमुसले. पण गोष्टच अशी होती की सांगताना त्यांना पुन्हा रंग चढला.

सुभेदारांची छावणी महिनाभर एका किल्ल्याखाली पडली होती. तोफेच्या दारूचे गाडे रात्रीच्या वाटेवर लुटले गेले होते. वाट ठाऊक असल्याशिवाय ते शक्य नव्हतं. कुणीतरी फितूर होतं. आणि अशा दिवसांत चौकीवर एक वंजारी अडवला गेला, त्याच्या मनगटाला ही पट्टी बांधलेली. तो म्हणाला, छावणीतल्या लिंबाजी सुतारानं दिली, आंबेसांगवीला त्याच्या घरी द्यायची आहे. लिंबाजी दारूच्या गाड्यांची चाकं करायचा. गाडे कुठून जाणार, हे त्याला ठाऊक असायचं.

"पट्टीवर नुसती अक्षरं होती, बुवा. सांडल्यासारखी. कशाचा कशाला मेळ नाही."

"त्याला विचारलंत?"

"विचारलं की. म्हणाला, 'बायकोला लिवलंय. वाचनार आसाल तर आदी मला झाडाला टांगा.'"

बुवांची सुई थांबली.

"असं म्हणाला?"

"अगदी असंच. आता याहून मोठा कबुलीजबाब कोणता? सुभेदारांनी गुरुवारपर्यंत मुदत दिली. उलगडलं नाही, तर खरोखरच टांगायचा."

चिंतोपंतांनी सगळे उपाय करून पाहिले. उलटं वाचलं, एक आड एक वाचलं, आकडे घातले, चकत्या फिरवल्या. चार दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. मग बुधवारी सकाळी त्यांच्या लक्षात आलं, पट्टीच्या दोन्ही कडांना अक्षरांचे अर्धे अर्धे फाटे आहेत. मोडी लिहिणारा आधी वरची रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगतो. इथे ती रेघ तुकड्यातुकड्यांनी तिरकी पळत होती. म्हणजे लिहिताना ही पट्टी कशावर तरी गुंडाळलेली होती!

"मग काय, भाल्याचा दांडा, हुक्क्याची नळी, तंबूची खुंटी... सापडेल त्यावर गुंडाळून बघितली. शेवटी माप काढून हा दांडा कातून घेतला. आणि बुवा, रेघेला रेघ जुळली! गुरुवारी भर सदरेत उभा राहिलो आणि वाचायला लागलो. एकही शब्द लढाईचा नाही. सगळं बायकोला. सदर हसून हसून लोळली. सुभेदारांच्या डोळ्यांतून पाणी. म्हणाले, सोडा रे त्या येड्याला."

त्या पट्टीत काय होतं, ते इथे सांगायचं कारण नाही. एका माणसानं आपल्या बायकोला लिहिलं होतं, एवढं पुरे.

"मी त्याचा जीव वाचवला, बुवा."

"वाचवलास," बुवा म्हणाले. "खरंच वाचवलास."

चिंतोपंतांना बरं वाटलं. ह्यासाठीच तर तीन आठवड्यांनी रजा मिळताच ते आले होते.

"मग तो काय म्हणाला?"

"कोण?"

"लिंबाजी."

चिंतोपंतांनी दांडा या हातातून त्या हातात घेतला. बाहेर नावाडी कुणाला तरी हाका मारत होता.

"काही नाही... 'समद्यांफुडं?' एवढंच विचारलं त्यानं. मी पट्टी त्याच्यापुढे धरली, तर घेतली नाही. छन्नी तेवढी मागे टाकून हत्यारं उचलली आणि गेला. आंबेसांगवीच्या वाटेनंही गेला नाही. नदीच्या अंगानं खाली कुठेतरी गेला."

"सुभेदारांना एकट्याला वाचून दाखवता आलं असतं?"

"...आलं असतं."

चिंतोपंतांना सदर आठवली. आपण लाडिक आवाज काढला होता. मध्येच थांबून फडणिसांकडे बघून डोळा मारला होता. एक वाक्य तर लोकांनी 'पुन्हा, पुन्हा' म्हटल्यावर तीनदा वाचलं होतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"आजवर किती पत्रं उलगडलीस?" बुवांनी विचारलं.

"दोनशेच्या वर असतील."

"आणि पोचली किती?"

"पोचवणं आपलं काम कुठे असतं, बुवा? त्याला जासूद असतात."

"मी फक्त किती ते विचारतोय."

चिंतोपंतांनी मनातल्या मनात मोजलं.

"एकही नाही."

बुवांनी सुईत दोरा ओवला. तीन प्रयत्न लागले. मग म्हणाले, "आंबेसांगवी इथून बारा कोस. आत्ता निघालास तर उद्या दुपारी जेवणवेळेला पोचशील."

"मी? मी जाऊ सुताराच्या घरी? अहो बुवा, कचेरीत माझं काय राहील? लोक..."

बुवांनी कानांत बोटं घातली होती.

.

आंबेसांगवीच्या विहिरीवर चार बाया पाणी शेंदत होत्या. चिंतोपंतांनी घोडा थांबवून सुताराचं घर विचारलं.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांतली एक पदरात तोंड लपवून काहीतरी बोलली आणि बाकीच्या खिदळल्या.

चिंतोपंतांना ते शब्द ओळखीचे होते. पट्टीवरचेच होते. पण त्यांच्या अंगावर काटा आला तो शब्दांमुळे नाही. बाईनं मधला एक शब्द लांबवला होता आणि शेवटी आवाज नाकात नेला होता. ती लकब त्यांची स्वतःची होती. सदरेतून निघून, शिलेदारांच्या तोंडून, तांड्यांच्या तोंडून, ती त्यांच्या आधी इथे येऊन पोचली होती.

"घर कुठे?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

घर गावाच्या कडेला होतं. भिंतीला एक अर्धवट झालेलं दार टेकवून ठेवलेलं. अंगणात एक बाई ज्वारी पाखडत बसली होती. तिशीची असेल. कपाळावर कुंकवाची जुनी, फिकट झालेली खूण. पुसलेलंही नाही आणि नवं लावलेलंही नाही.

घोड्यावरचा माणूस पाहून ती उठली. सूप तसंच हातात.

"मी सुभेदारांच्या कचेरीतून..."

"कंदी?" ती म्हणाली.

"काय, कधी?"

"कंदी टांगलं त्येंस्नी? मला फकस्त तिथी सांगा. तिथी तरी ठावी पायजे मानसाला."

चिंतोपंतांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते घोड्यावरून उतरण्याऐवजी जवळजवळ पडले.

"नाही हो, बाई! टांगलं नाही. सोडलं. सोडून दिलं त्यांना. जिवंत आहेत!"

सूप खाली पडलं. ज्वारी अंगणभर झाली. बाई उंबऱ्यावर बसली आणि बसूनच राहिली.

पत्र पकडलं, सदरेत वाचलं, लोक हसले. एवढंच गावात आलं होतं. सोडून दिल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगण्यात गंमत नव्हती, म्हणून ते वाटेतच कुठेतरी गळून पडलं होतं. ज्याचं पत्र पकडलं त्या माणसाचं काय करतात, ते हौसाला ठाऊक होतं. सतरा दिवस ती विहिरीवर लोकांचं हसणं ऐकत होती आणि घरी येऊन तिथीची वाट बघत होती.

चिंतोपंत वाकून ज्वारी गोळा करू लागले. कचेरीतल्या माणसानं असं करायचं नसतं, हे त्यांना आठवलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," बऱ्याच वेळानं हौसा म्हणाली. "कोंबड्या खातील."

त्यांनी अंगरख्यातून पट्टी काढली. दोन्ही हातांनी पुढे धरली.

तिनं ती नुसती पाहिली. "आता त्यात काय ऱ्हायलंय? समद्या गावाला पाठ हाय."

"गावाला पाठ आहे. पण तुमच्या हातात पोचलं नव्हतं." चिंतोपंतांनी पट्टी आणखी पुढे केली. "तेवढं पोचवायला आलोय."

हौसानं पट्टी घेतली. बोटांनी चाचपली. मग आत गेली आणि ताक घुसळायची रवी घेऊन आली. तिला बांधलेली दोरी सोडली, दांडा पदरानं पुसला आणि वरच्या टोकापासून पट्टी गुंडाळायला लागली. हात सरावाचे होते.

"हा दांडाही त्यांनीच केलेला?" चिंतोपंतांनी विचारलं.

"व्हय. जोडी हाय ह्याची. दुसरा त्येंच्याकडं, छन्नीचा दांडा म्हनून." ती गुंडाळता गुंडाळता बोलत होती, त्यांच्याकडे न बघता. "पयल्या साली छावनीत गेलं, तवा कारकुनाकडनं पत्र धाडलं हुतं. कुलकर्न्यांनी चावडीवर मोट्यानं वाचलं. सगळा गाव जमलेला. बैल बरं हायेत का, छप्पर गळतंय का, म्हातारीचा खोकला कसा हाय... समद्यांची चवकशी हुती. माजी न्हवती."

"का?"

"समद्यांफुडं कशी करनार?"

रवीवर पट्टीचा आणखी एक वेढा बसला.

"मग घरी आलं तवा म्हनालं, तुला अक्षरं शिकवतो. त्येंस्नी येका मठाची दारं करताना कुना गोसाव्यानं शिकवली हुती. बाईमानूस वाचतंय म्हनल्यावर गाव हसनार. म्हनून ही पट्टीची युगत. कुनी बघितली तर नुसतं चिंदूक."

पट्टी गुंडाळून झाली. हौसानं मान वर केली आणि पाहुण्याकडे पाहिलं.

चिंतोपंतांनी आयुष्यात समोर आलेल्या लिखाणावरून कधी नजर काढली नव्हती. ते उठले. अंगणाच्या टोकाला गेले आणि तिच्याकडे पाठ करून त्या अर्धवट दारासमोर उभे राहिले.

मागे शांत होतं. मधूनच दांडा फिरवल्याचा आवाज. मधूनच कुजबुजत जुळवलेलं एखादं अक्षर. चिंतोपंत दारावरचं कोरीवकाम मोजत राहिले, म्हणजे कान तिकडे जाऊ नयेत.

मग ती हसली.

कुठल्या ओळीवर हसली, ते चिंतोपंतांना बरोबर कळलं. सदर त्याच ओळीवर हसली होती. शब्द तेच, जागा तीच... आणि त्यांना वाटलं, हे वाक्य आपण पहिल्यांदाच ऐकतोय.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "झालं."

ते वळले. हौसा पट्टीवर बोट ठेवून बसली होती.

"ही टिंबं कुनी दिली?"

"मी. शब्द सुटे दिसावेत म्हणून. वाचायला सोपं जातं."

"सोपं गेलं खरं." ती पट्टीवरून बोट फिरवत राहिली. "मला येका पत्राला येक दुपार पुरायची. आज लवकर सरलं."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. असती तर बरं झालं असतं, असं चिंतोपंतांना वाटलं.

तिनं त्यांना भाकरी वाढली. मग जुन्या लुगड्याचा काठ फाडून रवीच्या दांड्यावर गुंडाळला आणि काजळीची शाई करून लिहायला बसली. चिंतोपंत बाहेर घोड्याजवळ थांबले. सूर्य कलला, सावल्या लांबल्या. ती बाहेर आली तेव्हा हातात पट्टीची घडी होती आणि कपाळावर ठसठशीत, ओलं कुंकू होतं.

"कुटं हायेत तेवढं हुडका," ती म्हणाली. "आन् हे द्या."

.

नदीच्या काठाकाठानं चिंतोपंत चार दिवस खाली जात राहिले. प्रत्येक उतारावर नावाड्यांना विचारत होते. पट्टी पागोट्याच्या आत होती. दांडा घोड्यावरच्या थैलीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते एका बाभळीखाली टेकले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं, तर पट्टीचं टोक बाहेर आलेलं. दोन अक्षरं दिसली. तेवढ्यावर त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. ही रेघ इकडे वळलीय, म्हणजे पुढचं अक्षर सात बोटांवर असणार... हात आपोआप थैलीत गेला आणि दांड्याला लागला.

कुणी बघत नव्हतं. वाचून पुन्हा तशीच घडी घातली असती, तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

दांडा हातात धरून ते बराच वेळ बसले. मग त्यांनी पट्टी उलटी केली, अक्षरं आत गेली, आणि वरून पागोटं इतकं आवळून बांधलं की डोकं ठणकायला लागलं. तसेच घोड्यावर बसले.

चौथ्या दिवशी एका घाटावर लिंबाजी सापडला. तो एका नव्या नावेच्या फळ्या तासत होता. चिंतोपंतांना पाहताच सरळ उभा राहिला. हातातला वाकस खाली ठेवला नाही.

"पत्र आहे," चिंतोपंत म्हणाले. "तुमच्या नावचं."

"वाचून झालं आसंल."

"नाही."

लिंबाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहत राहिला, लाकडात गाठ कुठे आहे ते बघावं तसं. चिंतोपंतांनी नजर खाली घेतली नाही. मग लिंबाजीनं वाकस ठेवला, हात धोतराला पुसले आणि पट्टी घेतली. काठ ओळखला. अंगठा त्या काठावरून एकदा फिरवला.

"तुमचा छन्नीचा दांडा छावणीतच राहिला," चिंतोपंतांनी थैलीतून आपला काढला. "हा घ्या. त्याच मापाचा आहे."

लिंबाजीनं तो दोन बोटांत फिरवला. "केसभर जाड हाय."

"मला वाचता आलं होतं."

"तुमास्नी आलं आसंल."

त्यानं रंधा उचलला. अलगद दोन हात मारले, तळव्यानं घासून पाहिलं, आणखी एक हात मारला. मग नावेच्या पलीकडे जाऊन बसला. चिंतोपंत पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. एक टिटवी ओरडत इकडून तिकडे गेली. पाणी वाहत होतं. किती वेळ गेला, ते त्यांनी मोजलं नाही.

लिंबाजी परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो हत्यारं गोळा करू लागला.

"लिंबाजी... सदरेत मी जे केलं..."

"वंगाळ केलं," लिंबाजी म्हणाला.

"हो."

"जीव वाचवलात माजा. त्ये बी केलं." त्यानं पिशवीचं तोंड बांधलं. "दोनी खरं हाय. मी काय करू त्येला?"

त्यानं पिशवी खांद्यावर टाकली.

"आंबेसांगवीला जायाला जवळचा उतार कुटला?" लिंबाजीनं विचारलं.

.

केसोबुवांच्या झोपडीबाहेर छावणीचा एक स्वार दोन दिवसांपासून खोळंबला होता. चिंतोपंतांना पाहताच त्यानं निरोप दिला. आणखी एक पत्र पकडलंय. आकड्यांत आहे, कुणालाच लागत नाहीये. लिहिणारा कोठडीत आहे. सुभेदारांनी ताबडतोब बोलावलंय.

चिंतोपंतांनी त्याला नदीवर हातपाय धुवायला पाठवलं आणि ते आत आले. बुवांसमोर बसले.

"पोचलं?" बुवांनी विचारलं.

"पोचलं. उत्तरही पोचवलं."

"काय होतं उत्तरात?"

"माहीत नाही."

बुवांनी मान हलवली. घडा पुढे सरकवला. चिंतोपंत घटाघटा पाणी प्यायले.

"बुवा, मी जाणार नाही," ते म्हणाले. "मी इथेच राहतो तुमच्याजवळ. ठिगळं लावायला शिकेन. तुम्ही हे सगळं का सोडलंत, ते मला आता कळलं."

"काय कळलं?"

"की हे काम पापाचं आहे."

बुवांनी हातातल्या घोंगडीचा दोरा तोडला. मग ती बाजूला ठेवली.

"एका बापानं मुलीला लिहिलेलं पत्र होतं," ते म्हणाले. "अंकपल्लवीत. मी उलगडलं. आपल्या कामाचं नव्हतं. म्हणून बासनात बांधून टाकलं... अकरा वर्षांनी ते पुन्हा हाताला लागलं. घेऊन गेलो तिच्या गावी."

"मग?"

"घर होतं. उघडायला कुणी नव्हतं."

"आणि मुलगी?"

"आसपास विचारलं. मुलगी कधीच वारली होती. शेजारीण म्हणाली, शेवटपर्यंत विचारत होती, बाबांचं काही आलं का." बुवांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "त्याच आठवड्यात चकत्या तुझ्या बैठकीवर ठेवल्या आणि इथे येऊन बसलो. लोक म्हणाले, वैराग्य आलं... वैराग्य कसलं रे चिंतो? पळून आलो मी."

नदीवरून स्वाराचा आवाज आला. तो घोड्याशी बोलत होता.

चिंतोपंतांनी पुढे सरकून बुवांचे पाय धरले. बुवांनी त्यांच्या पागोट्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"तो माणूस कोठडीत आहे ना?" बुवांनी विचारलं.

"हो."

"त्याचे आकडे तुझ्याशिवाय कुणाला लागणार आहेत?"

"नाही लागणार."

"हं..."

"आणि बुवा, लागले तर? उलगडलं तर... मग मी काय करू?"

बुवा भिंतीला धरून उठले. गुडघे वाजले. झोपडीच्या कोपऱ्यातल्या मडक्यात हात घालून त्यांनी मूठभर हरभरे घेतले आणि बाहेर गेले. चिंतोपंतांचा घोडा चिंचेखाली मान टाकून उभा होता. बुवांनी ओंजळ त्याच्या तोंडापाशी धरली. तो खाईपर्यंत त्याची मान खाजवत राहिले.

"सावकाश ने ह्याला," ते म्हणाले. "छावणीच्या पुढेही अजून लांब जायचंय."